चुन्याच्या दोन टिकल्या

"बाई, पट्टा उतरवला हाय. गाडीले कोनाले हात लावू देऊ नको. मी पडतो जरासा."

माझा धाकटा भाऊ वसंता माझ्याशी बोलला ते हे शेवटचं. हात धुऊन आत जाऊन पडला. मी चहा घेऊन गेले तेव्हा... कप तसाच परत आणला.

आर्णीच्या शाळेत त्यानं जन्मभर चित्रकला शिकवली. लग्न केलं नाही. मी विधवा होऊन माहेरी आले, तेव्हापासून घरात आम्ही दोघं अन् अंगणात त्याची ती जुनी पांढरी गाडी. निवृत्त झाल्यावर गाडीचं सगळं घरीच करायचा, टायमिंगसुद्धा. मला काय कळतं यातलं? पण त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला अन् मला शिकावंच लागलं. खालचा दांडा क्रँक, तो पिस्टन वर-खाली करतो. वरचा कॅम, तो झडपा उघडतो अन् मिटतो. दोघांना बांधणारा एक दात्यांचा पट्टा. खालचा दोन फेरे घेतो तेव्हा वरचा एक. ताल चुकला तर पिस्टन झडपेवर आपटतो.

"आपल्या घरावानीच हाय," तो म्हणायचा. "मी दोन चकरा मारतो, तवा तू एक डाव जागची उठतं."

"अन् आपटतं कोन माह्यावर? तूच ना?"

क्रँक अन् कॅमच्या दातेरी चाकांवर ताल जुळवायच्या खुणा असतात, त्या त्याला दिसत नसत, म्हणून माझ्या पानाच्या डब्यातला चुना त्यांत भरायचा. तो पान्यानं हळूहळू फिरवायचा, मी समोर बसून टिकल्या पाहायची. "जुळलं काय, बाई?" "थांब, दाताभर मांगं हाय." एकदा मी नुसती मान हलवली, तर म्हणे, "तोंडानं सांग. मान मले दिसत नाही." मी 'जुळलं' म्हटल्याशिवाय पट्ट्याला हात लावायचा नाही.

त्या दिवशी वस्तीतली माणसं जमली. गाडी अंगणाच्या मधोमध. कोणीतरी हळूच विचारलं, "बाई, गाडी हटवा लागते. सरले ठेवाले जागा नाही."

मी म्हटलं, "हटवा."

हँडब्रेक धरत नव्हता, म्हणून काम थांबवलं की तो गाडी गिअरमध्येच ठेवायचा, चाकाला वीट लावून. लोकांनी वीट काढली अन् ढकलली. प्लग काढलेले होते, आत हवा दाबली जात नव्हती, त्यामुळे कोणाच्या हाताला काही अडलंच नाही. पण गिअरमध्ये चाक फिरलं की आत क्रँक फिरतो, अन् वरचा कॅम तर पट्ट्यावाचून जागच्या जागी उभा... हे मला ठाऊक होतं. चाक फिरताना मी पाहत होते. 'थांबा, आधी गिअर काढा,' एवढंच म्हणायचं होतं. पण भाऊ आत निजलेला अन् हिला गाडीची पडली, असं लोक म्हणतील, या लाजेनं मी गप्प बसले. त्यानं मागितलं होतं ते तेवढंच होतं.

"लोखंडच तं हाय, बाई," शेजारीण समजावते. हो, लोखंडच. पण त्याच्या हातानं जुळवलेलं शेवटचं लोखंड होतं ते.

परवा सकाळी गिअर काढून मीच पाना घेऊन बसले. खालची टिकली पार दुसरीकडे गेलेली. फिरवायला लागले तर अर्ध्यात काहीतरी अडलं. 'हाताला अडलं का जोर नाही लावाचा', तो सांगायचा. थांबले, उलटं फिरवलं. फिरत फिरत टिकली जागेवर आली. त्या दिवशी ढकलताना एखादी झडप वाकली का, ते गाडी चालू केल्याशिवाय कळायचं नाही.

वरची खूण त्यानं ठेवलेली, खालची मी आणलेली. दोन्ही आपापल्या जागी, दाताभरही मागेपुढे नाही. पट्टा बाजूला पडला होता, तो चढवायला हवा होता. पण 'जुळलं' हा शब्द तोंडातून निघेना. विचारणारं कोणी नव्हतं, अन् विचारलं असतं तरी... 'थांबा' न म्हटलेल्या तोंडानं ते कसं सांगणार?

पाना अजून क्रँकवरच आहे.