पूर्णिमा मास्तरांची हरवलेली धून

आमच्या बँडचे मास्तर म्हणजे पूर्णिमा. सकाळी दूध संकलन केंद्रावर फॅट तपासायचं काम, दुपारनंतर क्लॅरिनेट. त्यांचे वडील कृष्णात आमच्याच बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. ऐन लग्नसराईत त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं, आणि पोरगी त्यांच्या जागी उभी राहिली. वरातीत बाई वाजवते म्हणून लोक आधी बघायला यायचे. पुढं पुढं ऐकायला थांबू लागले. जुन्या मास्तरांनी काम सोडलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिलाच पुढं केलं. मॅडम म्हणून बघितलं, पण ते तोंडात बसेना. त्या मास्तरच झाल्या. मी साइड ड्रम वाजवतो, त्यामुळं मिरवणुकीत त्यांच्या मागंच असतो.

आमच्यात नोटेशन वाचणारे थोडे. मास्तर व्हिडिओ बघून बघून ते शिकल्या आणि मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये लिहायला लागल्या. क्लॅरिनेटची ओळ वेगळी, ट्रम्पेटची वेगळी, खर्जात वाजणाऱ्या युफोनियमची वेगळी. तालमीत ज्याची त्याची ओळ ॲपवर वाजवून ऐकवायच्या, आणि आम्ही ती कानानं उचलायचो. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी स्वतःची एक धून लिहिली, ‘सायंकाळचा घाट’. ती वरातीसाठी नव्हतीच. एका वाचनालयानं आम्हाला सभागृहात वाजवायला बोलावलं होतं. खुर्च्यांवर बसलेल्या लोकांसमोर आमचा बँड आजवर कधी वाजला नव्हता.

कार्यक्रम जवळ आला आणि ॲप उघडेना. उघडलं की बंद पडायचं. ऋतुराज आमचा ट्रम्पेटवाला. तो म्हणाला, “मास्तर, काढून टाका आणि परत घ्या. माझं असंच झालतं, लगेच चालू झालं.”

मास्तरांनी तसं केलं. ॲप झकास उघडलं, आणि आत काहीच नव्हतं. सगळं लिखाण फोनमध्येच होतं, बाहेर प्रत ठेवायची सोय चालूच केलेली नव्हती. कंपनीला विचारलं, तर त्यांच्याकडंही काही पोचलेलं नव्हतं.

ऋतुराजचा चेहरा पार उतरला. “माझ्यामुळं झालं, मास्तर.”

“बटण माझ्या बोटानं दाबलंय,” मास्तर म्हणाल्या. “तू जाऊन बस. मला जरा विचार करू दे.”

थोडा वेळ त्या क्लॅरिनेटचे भाग खोलत आणि जोडत बसल्या. मग एकदम उठून त्यांनी मुरगूडला आईला फोन लावला. आपला जुना मोबाइल त्यांनी दिवाळीत आईला, बनाबाईंना दिला होता. त्यात तेच ॲप तसंच राहिलं होतं.

“आई, जुना फोन बंद करून ठिव. कुणाला हात लावू देऊ नको.”

“अगं, पर झालंय काय?”

“आल्यावर सांगते. आधी बंद कर.”

मी त्यांना गाडीवरनं मुरगूडला नेलं. वाटेत विचारलं, फोन बंद कशाला करायला लावला? त्या म्हणाल्या, “परत घेतलेल्या ॲपात ती प्रतीची सोय आपोआप चालू झाली असली, आणि नेट लागून इथली रिकामी पाटी तिथं गेली तर? असलेलं पण पुसलं जाईल.” मला ते सुचलं नसतं. बनाबाईंनी फोन धान्याच्या डब्यात घालून ठेवला होता. मास्तरांनी आधी सिम काढलं, मगच तो चालू केला. दिवाळीपर्यंतचं सगळं त्यात होतं. एकेक धून उघडून त्यांनी तिची वेगळी फाइल केली, मेमरी कार्डावर घेतली, आणि मग कुठं आईनं पुढं केलेला चहा घेतला.

पण ‘सायंकाळचा घाट’ पुरा झाला तो दिवाळीनंतर. त्याची दिवाळीआधी टिपलेली नुसती सुरुवात होती, चार-दोन ओळी.

“मिळालं तेवढं मिळालं,” मी म्हणालो.

“उरलेलं तुमच्यात हाय की,” मास्तर म्हणाल्या. “तुम्ही वाजवताय न्हवं?”

परत आल्यावर त्यांनी एकेकाला तालमीच्या खोलीत बोलावलं. एकट्यानं वाजवायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. वरातीत गर्दीच्या आडोशानं वाजवायची सवय असलेल्या आम्हाला ते भलतंच अवघड गेलं. ऋतुराज दोनदा चुकला. मास्तर तोंडानं गाऊन वाट दाखवायच्या, की परत सुरू. ऐकत ऐकत त्या मोबाइलवर लिहीत होत्या.

मग ज्ञानूकाकांची पाळी आली. युफोनियम वाजवणारे ज्ञानूकाका मास्तरांच्या वडिलांचे जोडीदार, त्यामुळं ते मास्तरांना पूर्णिमाच म्हणतात. त्यांची ओळ निम्म्यावर आली आणि मास्तरांनी हात वर केला.

“काका, हे मी लिहिलेलं न्हाय.”

“न्हायच की. तू लिहिलंस त्याला माझा दम पुरत न्हवता. मधी श्वास घ्यायला जागा न्हाय ठेवलीस. मग मी थांबतो, आणि पुढनं धरतो.”

“सांगितलं न्हाई कधी?”

“तू इचारलं न्हाईस.”

आता काकांना नीट वाजवायला लावणार, असं मला वाटलं. मास्तर म्हणाल्या, “परत वाजवा बघू. क्लॅरिनेट मी धरते.” काका जिथं थांबले, तिथं क्लॅरिनेट एकटंच पुढं गेलं, अगदी बारीक, आणि मग खालून युफोनियम येऊन त्याला मिळालं. मास्तर वाजवता वाजवता डोळे मिटून ऐकत होत्या. वाजवून झालं तशा हसल्या. “सगळ्यांच्या गदारोळात मला हे कधी ऐकूच आलं न्हवतं, काका. असंच ऱ्हाऊ दे.” आणि त्यांनी ते तसंच लिहिलं.

धून पुरी झाली तशी तिची एक प्रत ऋतुराजच्या मोबाइलवर गेली. पुढं प्रत्येक धुनेची प्रत सांभाळायचं काम मास्तरांनी त्यालाच दिलं. बोल लावण्यापेक्षा ते बरं, असं त्यांचं गणित असावं. ऋतुराज आता ते काम डोळ्यांत तेल घालून करतो.

वाचनालयाच्या सभागृहात आम्ही इस्त्रीचे कोट घालून बसून वाजवलं. ‘सायंकाळचा घाट’ संपला तेव्हा आधी कुणी टाळीच वाजवली नाही. मी घाबरून मास्तरांकडं बघितलं. त्यांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं होतं आणि त्या शांतपणे समोर बघत होत्या. मग पहिल्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “परत एकदा वाजवा की!” आणि टाळ्या सुरू झाल्या.

मास्तरांनी आमच्याकडं वळून विचारलं, “दम हाय न्हवं?”

“हाय की!” ज्ञानूकाका सगळ्यात आधी म्हणाले.