साडूंचा मोरोक्कन मसाला

आमच्या साडूंइतका उतावळा माणूस अख्ख्या अमिरातीत सापडायचा नाही. दुबईची खाडी ओलांडायला अब्रा बोटीत बसले, तर बोट काठाला लागायच्या आत हे उभे, आणि नावाडी कपाळाला हात लावून बसलेला. लिफ्टची वाट न बघता नऊ मजले जिन्याने चढतात आणि मागून लिफ्टने पोचलेल्या मला धापा टाकत विचारतात, "होतात कुठे इतका वेळ?"

अशा माणसाने मागच्या महिन्यात रास अल हानूत नावाचा मोरोक्कोचा मसाला घरी करायला घेतला. त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीने ऑफिसातल्या मोरोक्कन मुलाशी लग्न केलं, तेव्हा हे रागाने गेले नाहीत. मग तिनेही घरात पाऊल टाकलं नाही. आता जावयाला त्याच्या घरची चव खाऊ घालायची, एवढंच यांच्या डोक्यात. सव्वीस जिन्नस आणले, पण कृती वाचायला धीर कुठला? आपल्या गोड्या मसाल्यासारखं सगळं तेलात परतलं, गुलाबाच्या पाकळ्यांसकट. वर दगडफूल. "अहो, त्यांच्यात नाही घालत ते," मेहुणी खोकत म्हणाली. "त्याशिवाय मसाला कसला?" चार वेळा फेकून पाचव्यांदा केला. दरवेळी चव बघायला मला जुमेरा लेक टॉवर्सच्या माझ्या घरून बोलावलं आणि मी चमचा तोंडात घालायच्या आत विचारलं, "जमलाय ना?" जमला नव्हता. मी जमलाय म्हणालो, कारण तो चेहरा मला बघवत नव्हता.

शनिवारी मुलगी आली, एकटीच. टेबलावर पाच ताटं मांडलेली. साडू दाराबाहेर डोकावले. "तो गाडी पार्क करतोय का?"

"बाबा, यू नेव्हर आस्क्ड हिम," ती म्हणाली. "शनिवारी जेवायला ये म्हणालात आणि फोन कट केलात. त्याचं नावसुद्धा नाही घेतलंत."

साडू महिनाभर त्याच्यासाठीच कुटत होते, आणि बोलावणंच राहून गेलं होतं. मला त्यांची फार कणव आली. शेवटी त्यांनी मुलीला नंबर लावून द्यायला सांगितलं. रिंग वाजू लागली तसा फोनवर हात ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "घरी काय म्हणतेस त्याला?"

"यासू."

पलीकडून आवाज आला. साडूंनी घसा खाकरला.

"यासू," ते म्हणाले, "धिस इज बाबा."