दगडबाईंचा बेडूक

दगडबाई दगड चाटायच्या. हो, चक्क जिभेने! अंधेरीच्या आमच्या शाळेत त्या शास्त्र शिकवायच्या आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये चहा बाजूला सारून त्या पर्समधून दगडाची कपची काढायच्या, जिभेला लावायच्या आणि उजेडात धरायच्या. "ओला झाला की बोलतो गं," म्हणायच्या. आणि खरंच, कोरड्या दगडात न दिसणारं एखादं पान शिरांसकट वर यायचं.

बाई तिथल्याच आंबोली गावठाणातल्या ख्रिस्ती. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की पदर खोचून थेट जवळच्या खाणीत. तिथे खडीसाठी काळा दगड फोडायचे. पण दोन काळ्या थरांच्या मधे वीतभर जाडीचा, मातकट, पापुद्र्यांचा एक थर होता. मुकादम त्याला कचरा म्हणायचा.

"कचरा काय रे? तळं आहे ते!" बाई त्याला झापायच्या. "आधी लाव्हा आला, त्यावर तळं साठलं, मग वरून पुन्हा लाव्हा."

कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या त्या तळ्यातला एक अख्खा बेडूक बाईंना हवा होता. अकरा वर्षं खपून एक तंगडी तेवढी मिळाली होती.

"काय बाई, सोनं लागलं का?" मुकादम चिडवायचा.

"सोनं काय, कुणालाही लागतं!"

एका रविवारी मीही सोबत गेले, तर मुकादम हसलाच नाही. म्हणाला, "उद्या सुरुंग लावून हा कडा उडवणार. तुमचं तळं इथेच संपतं, बाई. काय शोधायचं ते आज शोधा."

बाई स्वयंपाकघरातली सुरी घेऊन बसल्या आणि एकेक पापुद्रा सोडवत राहिल्या. दुपारी एक दगड वहीसारखा उघडला. आत बेडूक! अंगठ्याएवढा, बोटांची हाडंसुद्धा मोजून घ्यावीत असा.

"याने माणूस पाहिलाच नाही गं," बाई पुटपुटल्या. "याला पाहणाऱ्या आपण दोघी पहिल्या."

देवळातसुद्धा मी इतकी गप्प कधी उभी राहिले नव्हते.

दोन्ही तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून बाईंनी माझ्या हातात दिले आणि त्या आणखी शोधायला वर गेल्या. मी घरची शहाणी! मला वाटलं, मातीचाच दगड, ओलाव्याने विरघळेल. फडकं काढलं आणि पापड घालावेत तसे तुकडे उन्हात वाळत घातले. बाई परतल्या तेव्हा ते तडकून, सुटून भुगा झाले होते.

"काय केलंस हे, मुली!" एवढंच म्हणून त्या पाठ फिरवून बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बऱ्याच वेळाने त्यांनी वही काढली. "ये इकडे. डोळ्यांत आहे तोवर उतरवून घेऊ."

बाईंनी बेडकाचा डावा पाय दुमडलेला काढला. मी म्हटलं, "बाई, उजवा होता." झालं! पुढे सोळा वर्षं आमचं हेच भांडण. वर्गावर जाता जाता दारातून डोकं घालून त्या म्हणायच्या, "डावा!" मी ओरडायचे, "उजवा!"

बाई गेल्या. वहीचं काय झालं, कुणास ठाऊक. तो बेडूक पाहिलेली आता जगात मी एकटीच. आणि हल्ली मलाही वाटतं, डावाच असेल.