लख्खमावशी आणि पोटातले पाहुणे

हॉस्पिटलात तिला सगळे लख्खमावशी म्हणत. ऑपरेशन थिएटर पुसून बाहेर आली की ती एकच शब्द बोलायची, "लख्ख!", आणि तो खोटा ठरवायची कोणाची छाती नव्हती. दर सोमवारी प्रयोगशाळेतला माणूस टेबलावर, दिव्याच्या दांड्यावर कापसाची काडी फिरवून न्यायचा, आणि एकवीस वर्षं अहवाल एकच यायचा: जंतू नाहीत. रुग्ण आपल्या हातगुणाने वाचतात असं सर्जनना वाटे. मावशीचं मत वेगळं होतं आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

अशा बाईच्याच हाताला खवले यावेत! आधी बोटांच्या पेरांवर लाल चट्टे, मग मनगटापर्यंत रुपेरी पापुद्रे. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, सोरायसिस. एकाचा दुसऱ्याला होत नाही, हेही बजावून सांगितलं. पण थिएटरचा नियम म्हणजे नियम. कोपराखाली कातडी फुटलेली असेल तर आत पाऊल टाकायचं नाही. थिएटरच्या मुख्य सिस्टरनी तिला जुन्या कागदपत्रांच्या खोलीत धूळ झटकायला धाडलं. "सहा महिन्यांनी हात बघेन. नाही सुधारले तर जागा दुसरीला द्यावी लागेल." मावशी घरी जाऊन ढसाढसा रडली. पगार तोच होता, मान गेला होता.

मलम लावलं की चट्टे जायचे आणि महिन्याभरात बिनबोभाट परत यायचे. शेवटी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर साखर चढलेली, यकृतावर चरबी.

"मावशी, अँटिबायोटिकच्या गोळ्या कधी घेता?"

"रोज नाही हो. शिंक आली तर, पोट बिघडलं तर. आणि महिन्यातून एकदा असंच, आतली साफसफाई म्हणून." उरल्यासुरल्या गोळ्यांचा तिच्याकडे डबाच होता.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, पोटाचंही थिएटर करून ठेवलंत की तुम्ही! आतड्यात कोट्यवधी जंतू लागतात."

"लागतात?" मावशी खुर्चीवरून उठलीच.

"बसा. चांगल्या जंतूंचा तोल बिघडला की आतड्याचं अस्तर कमजोर होतं. मग नको ते रक्तात उतरतं आणि अंगभर सूज धुमसत राहते. कातडी बिघडते, साखर चढते. दोन्ही दुखणी नात्यातलीच निघायची. यावर अजून शोध चालू आहेत, मी हमी देत नाही. औषधही चालूच राहील. पण सालीसकट डाळी, पालेभाज्या, दही खा. साखर, मैदा बंद. आणि तो डबा मला आणून द्या."

"जन्मभर ज्यांना मारलं, त्यांना आता जेवायला घालू?"

"पोटभर घाला."

मावशीचा नवरा कुलपं दुरुस्त करायचा, पण त्याच्या स्वतःच्या जिभेला कधी कुलूप लागलं नाही. "काय गं, आज तुझ्या पाहुण्यांना काय वाढायचं?" असं तो रोज विचारी. पहिले पंधरा दिवस पोटात नुसता धुमाकूळ. "पाहुणे भांडतायत," तो म्हणे. मावशी चिडायची, पण ताटातलं टाकायची नाही. एकदा सर्दी झाली. हात सवयीने फळीकडे गेला, पण डबा तिथे नव्हताच. सर्दी चार दिवसांत आपली आपण गेली, याचं तिला फार आश्चर्य वाटलं.

चौथ्या महिन्यात साखर उतरली, कंबर दोन बोटं आत गेली. चट्टे फिके पडले आणि यावेळी परत आले नाहीत. तिचा विश्वास बसेना. रोज सकाळी खिडकीशी उभी राहून ती स्वतःचेच हात परक्याचे असल्यासारखे तपासायची.

मग तो दिवस आला. सिस्टरनी चष्मा लावला. तळहात पाहिले, उलटे करून पाहिले, बोटांच्या बेचक्या, नखांची मुळं, सगळं पाहिलं. कोपराच्या वर रुपयाएवढा एक डाग हट्टाने बसला होता. मावशीने बाही खाली ओढली.

"नियम कोपराखालचा आहे," सिस्टर म्हणाल्या. "उद्या सकाळी सहाला या."

"उद्या कशाला?" मावशी म्हणाली. "दुपारी दोनला ऑपरेशन आहे ना?"

सिस्टर काही बोलायच्या आत ती थिएटरबाहेरच्या नळाशी पोचली होती. बाह्या वर सरकवून तिने कोपरापर्यंत साबण चोळला, घड्याळाकडे बघत, पुरी तीन मिनिटं. साबण कुठेच झोंबला नाही. मावशी मोठ्याने हसली आणि खांद्याने दार ढकलून आत गेली.