भाविकाची ओळ

हर्षलाबाईंची नेमणूक भूगोलाची. पण शाळेत रुजू झाल्या त्या वर्षी कुणीतरी आग्रह केला आणि त्यांनी स्नेहसंमेलनात एक गाणं म्हटलं. तेवढंच निमित्त पुरलं. तेव्हापासून प्रार्थना त्यांची, पंधरा ऑगस्ट त्यांचा, साहेब तपासणीला आले की स्वागतगीत त्यांचं आणि दर हिवाळ्यात खोपोलीला होणारी समूहगीत स्पर्धाही त्यांच्याच गळ्यात. इतक्या वर्षांत शाळेला एकदाच उत्तेजनार्थ मिळालं होतं, तेही एक शाळा आलीच नाही म्हणून. हे बाई स्वतःच हसत सांगायच्या, पण ते हसू काही खरं नव्हतं.

स्पर्धेच्या आधीचा महिना म्हणजे बाईंच्या रक्तदाबाचा महिना. पळसदरीच्या पुढची ती लहानशी शाळा, तिथं गाण्याला वेगळी खोली कुठून असायची? सराव पोषण आहाराच्या स्वयंपाकखोलीला लागून. बाईंनी पेटीवर सा धरला की पलीकडं मिरचीची फोडणी पडायची आणि सगळ्या मुली खोकत सुटायच्या. खोकला थांबला की घाट चढणारी मालगाडी भोंगा द्यायची, आणि या बया आपला सूर सोडून त्या भोंग्याचा धरायच्या. ढोलकीवाला ऋतिक सापडला तर सापडायचा, नाहीतर फार्महाऊसवरच्या पाहुण्यांना क्रिकेटला गडी कमी पडलेला असायचा. मुख्याध्यापक दारात उभे राहून "यंदा ढाल आलीच पाहिजे हं बाई" म्हणून जायचे, जशी काही ढाल कर्जतच्या बाजारातून पिशवीत घालून आणायची होती.

यंदा विषय होता लोकगीत. सगळ्या शाळा कोळीगीतं घेणार हे बाईंना पक्कं ठाऊक. म्हणून त्यांनी धवला निवडला. लग्नात एकेका विधीला गायचं गाणं म्हणजे धवला, आणि तो गाणारी बाई ती धवलारीण. पंचक्रोशीत आता एकच उरली होती, गौराबाई. बाई स्कूटर काढून तिच्या अंगणात जाऊन बसल्या. गौराबाईनं भाव खाल्ला नाही.

"शिकीव गं बाय तुज्या पोरींना," ती म्हणाली. "आमच्या सुनांना लाज वाटते. माज्या मागं कोन गानार हाय?"

गाणं सुंदर होतं, पण अवघड होतं. मधे एक ओळ होती ती नवरीच्या आईची: "उंबऱ्याभायर पाय माज्या लेकीचा, मागं वलून बघते गं". ही ओळ एकटीनं, वरच्या पट्टीत गायची. बाकीच्यांनी थांबायचं. ती ओळ नववीतल्या भाविकाला मिळाली. दुसरं कुणी तिथं पोचतच नव्हतं. भाविका पंधरा वर्षांची, अंगानं काटकुळी, वर्गात विचारल्याशिवाय बोलायची नाही. पण ती ओळ लावायची तेव्हा पलीकडं तांदूळ निवडणारी मावशीसुद्धा हात थांबवायची. बाईंना पहिल्यांदा वाटलं, यंदा काहीतरी होणार. मग त्यांना रात्री झोप लागेना, ती आनंदानं.

एके दिवशी भाविकानं ओळीच्या शेवटी एक हेलकावा घेतला. बाईंनी शिकवलेलाच नव्हता तो.

"हा कुठून आणलास गं?"

"गौराआजीनं दावला. आमच्याकडं आल्तेली."

बाई खूष झाल्या. धवलारीण आपल्या मुलीला घरी जाऊन शिकवते म्हणजे केवढी गोष्ट! धवलारीण एखाद्याच्या घरी उगीच जात नाही, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी त्याचा विचार केला नाही, एवढंच.

त्यानंतर भाविका दोन दिवस आली नाही. आली ती नाकाची एक बाजू लाल आणि टम्म सुजलेली घेऊन. नव्यानं नाक टोचलं होतं. सूर वर गेला की डोळ्यांतून पाणी यायचं.

"वरचा लागत नाय, बाई. ठनकतं."

बाईंचं डोकंच फिरलं. "अगं, आत्ताच काय अडलं होतं नाक टोचायला? स्पर्धा झाल्यावर टोचता आलं नसतं?"

भाविका डोळे पुसून रांगेत जाऊन उभी राहिली. मधल्या सुट्टीत तिच्याच वाडीतल्या एका मुलीनं पेटीचं झाकण लावता लावता सांगितलं, "बाई, तिचं जमलंय. पोरगा खालापुरात कंपनीत हाय."

त्या संध्याकाळी बाई भाविकाच्या घरी गेल्या. वाटेत काय बोलायचं ते त्यांनी पाठ केलं होतं: मुलगी पंधराची आहे, हा गुन्हा आहे, मी गप्प बसणार नाही. भाविकाचा बाप दत्ता खुर्ची पुसून उभा राहिला. चहा आला. दत्ता माणूस वाईट नव्हता, तीच तर पंचाईत. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

"साखरपुडाच हाय, बाई. लगीन काय लगेच लावतोय का?" तो म्हणाला. मग बाई काही बोलायच्या आत त्यानंच पुढं सांगितलं, "तुमची स्पर्धा हू द्या. तवर तिला कोन अडवनार नाय. शबूद हाय माजा. आमच्या भावकीच्या बाकीच्या पोरीपन येतील."

वृंदातल्या निम्म्या मुली त्याच्या भावकीतल्या होत्या. त्यानं ते धमकी म्हणून सांगितलं नव्हतं, पण बाईंना ऐकू आलं ते तसंच. आज तोंड उघडलं तर उद्या सरावाला ऋतिक आणि पेटी एवढंच उरेल. त्यांनी चहा संपवला. निघताना भाविकाच्या आईनं वालाच्या शेंगांची पिशवी हातात दिली, ती त्यांनी घेतली. पाठ केलेलं सगळं पोटात तसंच घेऊन त्या परत आल्या.

शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर मोठ्या निळ्या आकड्यांत रंगवलेला होता. बाई रोज त्याच्या खालून जायच्या. स्पर्धा झाली की लगेच करू, असं त्या स्वतःला सांगायच्या. साखरपुडाच आहे, चार दिवसांनी काय बिघडतं? सांगताना खरंही वाटायचं. पण भाविका समोर आली की बाईंना तिच्या नाकाकडं बघवेना. मग त्या दुसऱ्याच कुणावर तरी डाफरायच्या, आणि मुली म्हणायच्या, बाईंना स्पर्धेचं टेन्शन आलंय.

भाविका मात्र आता सगळ्यांच्या आधी येऊ लागली होती. डोळे पुसत, तीच ओळ पुन्हा पुन्हा गायची. एकदा तिनं विचारलं, "बाई, हितं पयला आला तर म्होरं अलिबागला जायचं असतं ना? ती कवा असते?"

"पुढच्या महिन्यात. का गं?"

"मंग तवर सराव चालूच ऱ्हानार ना?"

"आधी इथं नंबर तर आण," बाई म्हणाल्या. आणि म्हणाल्या त्याच क्षणी त्यांना कळलं की ही पोरगी ढालीसाठी गातच नाहीये. त्यांनी पेटीचा भाता ओढला आणि सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावलं.

स्पर्धेच्या दिवशी खोपोलीच्या त्या हॉलमध्ये भाविका अशी काही गायली की परीक्षकांपैकी एका म्हाताऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. मुली मंचावरून उतरल्या, तर दत्ता बाहेर मोटरसायकल घेऊन उभा होता. "घरी काम हाय," एवढं म्हणून त्यानं भाविकाला मागं बसवलं. निकाल लागायला अजून अवकाश होता. ती वळून बघत गेली.

पहिला नंबर आला. ढाल मिळाली. परतताना मुलींनी कल्ला करून टेंपो डोक्यावर घेतला. ढाल आधी भाविकाला दाखवायचीच म्हणून ड्रायव्हरला वाडीकडं वळायला लावलं. बाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या. भाविकाच्या दारातला मांडव त्यांना सगळ्यांच्या आधी दिसला.

आंब्याचे टहाळे ताजे होते. माळा लागल्या होत्या. भाविका पाटावर बसली होती आणि बायका तिला हळद लावत होत्या. पिवळ्या चेहऱ्यात फक्त नाकाची ती बाजू अजून लाल दिसत होती.

"भावे, आपन अलिबागला जानार!" मुली ओरडल्या. बायका हसल्या.

दत्ता पुढं झाला. "उद्या सकाळचा मुहूर्त निघाला, बाई. शबदाला जागलो ना? तुमची स्पर्धा झाली."

गौराबाई भिंतीला टेकून शालीत बसली होती. तिचा घसा पार बसला होता, आवाज फुटत नव्हता. तिनं मुलींकडं बघून हात केला. भाविकाची आई म्हणाली, "आजीला गाववत नाय. पन तुमच्या पोरींना येतो की धवला. म्हना गं, हळद मुकी नको जायला."

मुलींना काय, जिंकून आल्या होत्या. बाईंनी लावलेल्या सवयीनं त्या आपोआप उंचीप्रमाणं ओळीत उभ्या राहिल्या आणि बाईंच्या हाताकडं बघू लागल्या. बाईंचा हात उठेना. मुली थोडा वेळ थांबल्या, मग एकीनं सुरुवात केली आणि बाकीच्यांनी उचललं. महिनाभर धरता येत नव्हता तो सूर आज अगदी चोख लागला होता.

गाणं त्या ओळीपाशी आलं आणि मुली थांबल्या. ती ओळ त्यांची नव्हती, त्यांना थांबायलाच शिकवलेलं होतं.

मग पाटावरून, मान खाली घालून, भाविकानं ती ओळ गायली. वरच्या पट्टीत, शेवटच्या हेलकाव्यासकट. बायकांनी कौतुकानं माना डोलावल्या. "काय तयार केलीय पोर," कुणीतरी म्हणालं.

बाई मांडवातून बाहेर आल्या. टेंपोच्या आडोशाला उभं राहून त्यांनी शाळेच्या भिंतीवरचा तो नंबर लावला. बघून लावायची गरजच नव्हती. पलीकडून एका मुलीचा शांत आवाज आला. गाव विचारलं, नाव विचारलं, वय विचारलं. लग्न कधी आहे? उद्या सकाळी. बाई भराभर सांगत गेल्या.

"आणि मॅडम, तुम्हाला हे कधी कळलं?"

बाईंनी 'आत्ताच' म्हणायला तोंड उघडलं. मांडवात मुलींनी पुढचं कडवं धरलं होतं. बाईंच्या तोंडून ते खोटं निघेना.

"स्पर्धेच्या आधी," त्या म्हणाल्या.

"कुठली स्पर्धा, मॅडम?"