कमळाकर पंपमनची लांबलेली फेरी

कमळाकर घरत तेलाच्या जहाजावर पंपमन होता. जहाजाच्या पोटातलं तेल किनाऱ्यावर ढकलणारे पंप त्याच्या हाती असत. हयात त्या कामात गेली, पण बेलपाड्यातली म्हातारी माणसं त्याला शेवटपर्यंत 'मिठागरवाल्या आनंदाचा कमळ्या' म्हणूनच ओळखत राहिली. त्याचंही त्याला काही वाटत नसे. बापाच्या नावानं हाक आली की अंगावरचा तेलाचा वास धुऊन निघाल्यासारखा वाटायचा.

त्याचा बाप खाडीकाठच्या वाफ्यांत पाणी घेऊन मीठ पिकवायचा. शिमग्यानंतर वाफे पांढरे व्हायचे आणि पावसाळा तोंडावर आला की मिठाचे ढीग गवतानं शाकारून ठेवायचे. कमळाकर शाळेला पनवेलला जायचा. तिथं त्याच्या बाकावर राफेल आपटेकर बसायचा. राफेलचे लोक कोकणातले ज्यू. आजोबांचा आपट्याला तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद, म्हणून गावानं त्यांना 'शनवार तेली' नाव पाडलेलं. घाणा कधीच गेला होता, राफेलचे वडील नोकरदार होते, पण शनिवार काही सुटला नव्हता. त्या दिवशी राफेल शाळेत यायचा नाही. मग सोमवारी कमळाकरची वही बघून उतरवून घ्यायचा आणि वर चुकाही काढायचा.

सुट्टीत राफेल बेलपाड्याला यायचा. दोघं खाडीत उतरायचे. चिंबोऱ्या, कोलंबी राफेलला धर्मात चालत नसे. खवल्याचा मासा म्हणून बोय मात्र चालायची. कमळाकरची आई निवडून चार बोयी त्याच्या घरी पाठवायची. एकदा चिंबोरीनं कमळाकरच्या अंगठ्याचा असा चावा घेतला, की हा बोंबलत बांधावरून पळत सुटला आणि राफेल हसता हसता वाफ्यात बसला. त्या वर्षीच्या मिठात राफेलचं बूड आहे, असं आनंदा सगळ्यांना सांगत सुटला होता.

मॅट्रिक झाल्यावर आपटेकरांचं कुटुंब इस्राएलला गेलं. दोन-तीन पत्रं आली, मग बंद झाली. इकडे नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या गेल्या, मिठागरही गेलं. कमळाकर मुंबईला जाऊन जहाजावर चढला.

दोन हजार पंधरा सालची गोष्ट. पनवेलला श्रावण लागला होता आणि कमळाकरचं जहाज तुर्कस्तानात जेहान बंदरात तेल भरत होतं. हे तेल इराकच्या उत्तरेकडून, कुर्दांच्या मुलखातून पाइपनं आलेलं. कुर्दांना स्वतंत्र व्हायचं होतं. बगदादच्या सरकारशी त्यांचं फाटलं होतं, दारात अतिरेक्यांशी लढाई चालू होती, म्हणून ते आपलं तेल आपणच विकत होते. बगदाद म्हणत होतं, तेल साऱ्या देशाचं आहे, विकायचा हक्क फक्त आमचा. जो घेईल त्याला कोर्टात खेचू.

तेलाची मोजणी बघायला कुर्दांचा एक माणूस डेकवर आला होता. शेरको त्याचं नाव. पिकल्या मिशांचा, कमळाकरच्याच वयाचा. तेल येऊ लागलं तसा तो पाइपावर हात ठेवून उभा राहिला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"माझा आजा ज्या रानात मेंढरं चारायचा, त्या रानाखालचं आहे हे," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला.

कमळाकरला राहवलं नाही. त्याच्यासारख्याच मोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, "माझा बाप मीठ पिकवायचा. ती जमीन सरकारनं घेतली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"भांडलो. आमची माणसं गोळीबारात मेली. मग मोबदला घेतला, घरं बांधली."

शेरको म्हणाला, "आम्हाला घर नको. देश हवाय." उतरताना त्यानं कमळाकरचा हात दोन्ही हातांत धरला. "नीट पोचव," एवढंच म्हणाला.

आणि तेच होईना. जहाज निघालं तेव्हा कुठं जायचं ते ठरलेलंच नव्हतं. समुद्रात हुकूम येईल, असं कप्तान म्हणाला. पहिला हुकूम आला तो पश्चिमेकडच्या एका बंदराचा. अर्ध्या वाटेवर त्या बंदरानं हात वर केले. मग माल्टाजवळ थांबा. मग परत फिरा. घेणाऱ्यांना तेल हवं होतं, पण बगदादचा खटला नको होता. लग्नाच्या बोलणीत नकार कुणीच स्पष्ट देत नाही, नुसती वाट बघायला लावतात, तशी गत झाली. निळ्याशार समुद्रात भरल्या पोटाचं जहाज घिरट्या घालू लागलं. ताजी भाजी संपली, आंघोळीच्या पाण्याला वेळ ठरली, खलाशी एकमेकांवर खेकसू लागले.

जहाजावर विश्वजीत नावाचा चिपळूणचा सेकंड ऑफिसर होता. तो बातम्या वाचून दाखवायचा.

"घरतकाका, तुम्हाला काय वाटतं? तेल कुणाचं?"

"ज्याच्या जमिनीखाली हाय त्याचं."

"असं म्हटलं तर ज्यांच्या जमिनीखाली काही नाही, त्या इराक्यांनी काय खायचं? ते पण त्याच देशाचे ना?"

खाडीचं पाणी तरी कुठं एका बेलपाड्याचं होतं, असं कमळाकरच्या मनात आलं. पण पाइपावरचा तो हातही डोळ्यांपुढून हलेना.

पंपमनला रिकामपण सोसत नाही. वॉल्व्ह पुसून, पंपांना ग्रीस घालून झालं, की तो ब्रिजवर, जहाज हाकायच्या खोलीत, जाऊन विश्वजीतच्या नकाशात डोकं घाली. एका दुपारी विश्वजीतनं पूर्वेकडच्या किनाऱ्यावर बोट ठेवलं, "हे अश्कलोन, इस्राएलचं."

"अरे, इथं माझा दोस्त राहतो!" कमळाकर एकदम म्हणाला. राफेल अश्कलोनला असतो, एवढं त्याला राफेलच्या चुलत बहिणीकडून, पनवेलच्या तमारबाईकडून, कधी बाजारात भेटल्यावर कळलेलं. त्यानं बायकोला, वेणूला, जहाजावरच्या फोनवरून सांगितलं. वेणू तमारबाईकडे गेली, चहा पिऊन, सगळ्यांची खुशाली विचारून नंबर घेऊन आली. कमळाकरनं तो खिशात ठेवला. काही उपयोग होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

पण अखेर हुकूम आला तो अश्कलोनचाच.

तिथं तेलाची जहाजं धक्क्याला लागत नाहीत. किनाऱ्यापासून दूर पाण्यातच बांधतात आणि समुद्राच्या तळाशी टाकलेल्या नळीतून तेल किनाऱ्याला जातं. खलाशांना उतरायची परवानगी नव्हती. समोर पांढरी घरं दिसत होती आणि कमळाकरच्या मोबाइलला रेंज आली. त्यानं नंबर लावला.

"राफेल? मी कमळ्या. बेलपाड्याचा."

पलीकडून आवाज आला, "कंचा कमळ्या? चिंबोरी चावलेला?"

"त्योच!"

"कुठून बोलतोस?"

"तुझ्या दारातून. समुद्रात बघ. निळ्या चिमणीचं जहाज."

"थांब, फोन ठेवू नकोस, गच्चीवर जातो." जिन्यावरची पावलं, धाप, दार उघडल्याचा आवाज. "दिसलं! कमळ्या, दिसलं रे! तू कुठं उभा आहेस?"

"पुढच्या अंगाला. हात करतोय."

"हात काही दिसत नाही. पण मीही करतो."

दोन म्हातारे पाण्याच्या दोन टोकांना हात हलवत उभे राहिले. जवळून जाणारा एक खलाशी कमळाकरकडे बघतच राहिला.

"काय आणलंस?" राफेलनं विचारलं.

"तेल."

"शनवार तेल्याच्या दारात तेल आणतोस?" राफेल खोखो हसला. "कुणाचं?"

"त्याचाच तंटा हाय. कुर्द बोलतात आमचं, बगदाद बोलतं आमचं."

"आणि मिठागर? यंदा कसं पिकलं?"

कमळाकरचा हात खाली आला. राफेलच्या मराठीत भेसळ काहीच झाली नव्हती. जुन्या पेटीतल्या कपड्यासारखी ती घडीची होती, आणि त्याचं पनवेलही तसंच घडी घालून ठेवलेलं होतं.

"नाय रे राहिलं. लई वर्सं झाली. रस्ते झाले, टॉवर झाले. बापूसपण गेला."

"मी इथं पोरांना अजून सांगतो," राफेल हळू म्हणाला, "आमच्याकडं पावसाआधी मिठाचे ढीग शाकारतात."

"सांगत जा. मी पण जहाजावर तेच सांगतो."

दुसऱ्या दिवशी नळी बघायला आलेल्या होडीतल्या माणसानं वर एक डबा दिला. राफेलनं पाठवलेला. राफेलच्या बायकोनं मलिदा केला होता: पोहे, गूळ, खोबरं, वेलची. काही सुखरूप पार पडलं की त्यांच्यात एलियाहू पैगंबराच्या नावानं करतात तो. फिलिपिनो आचाऱ्यापासून कप्तानापर्यंत सगळ्यांनी खाल्ला. विश्वजीतनं विचारलं, "काका, काय पार पडलं म्हणून?" कमळाकर म्हणाला, "खा तू."

तेल उतरलं. शेवटची टाकी रिकामी झाली तेव्हा जहाज पाण्यातून हातभर वर आल्यासारखं वाटलं. शेरकोला कळवावं, असं कमळाकरला फार वाटलं, पण त्याचा पत्ता नव्हता. दोन वर्षांनी कुर्दांनी स्वातंत्र्यासाठी मतदान केलं, तेव्हा टीव्हीवरच्या गर्दीत तो पिकल्या मिशा शोधत बसला. मत स्वातंत्र्याला पडलं, पण बगदादच्या सैन्यानं येऊन तेलाच्या विहिरी ताब्यात घेतल्या. पुढे ती पाइपलाइन बंदच पडली, आणि आता पुन्हा सुरू झाली ती बगदादच्या हुकमानं. ही बातमी कमळाकरनं वेणूला दोनदा वाचून दाखवली. ती म्हणाली, "त्या माणसाला नातवंडं असतील ना?"

मधल्या काळात राफेल एकदाच आला, मुलीला, तालीला घेऊन. वेणूनं वालाचं बिरडं केलं. दोघं मित्र बेलपाड्यातून चालत निघाले; राफेल सारखा थांबून 'इथं काय होतं?' विचारी आणि कमळाकर सांगे: इथं बांध, इथं खाडीचं पाणी आत घ्यायची उघाडी, इथं तुझी चप्पल गेली. ताली दोघांचे फोटो काढत होती, मागे सगळ्या फोटोंत इमारती. खाडीपलीकडे विमानतळासाठी डोंगर फोडत होते.

आता तो विमानतळ सुरू झालाय, पण राफेलचे गुडघे साथ देत नाहीत. दर शनिवारी, त्यांचा शब्बाथचा विसावा सुटला की त्याचा फोन येतो. कमळाकर तो गच्चीवर नेतो. परवा बोलता बोलता डोक्यावरून विमान गेलं.

"हे कुठून आलं रे?" राफेलनं विचारलं.

"काय म्हाईत," कमळाकर म्हणाला, आणि ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिला.