क्षवर्गाच्या जागी खांडा

सुपडू मास्तरांचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता. शहाद्याच्या शाळेत बीजगणित शिकवायचे, पण नजर पोलिसाची. सन एकेचाळीसची गोष्ट. वर्गात मुलगी मी एकटीच, म्हणून माझ्यावर दुप्पट पहारा. त्यात आबांनी बजावलेलं, "शाळेतून एक तक्रार आली की कोकिळा घरी. मग लग्नच."

एकदा मास्तरांनी अवयव पाडायला दिले: क्षचा चौथा घात, वजा तेरा क्षवर्ग, अधिक छत्तीस. चौथा घात बघून मुलांनी हात टेकले. मला मायच्या लग्नाची गोष्ट आठवली. आम्हा गिरासे रजपुतांत नवरदेव न जाता त्याचा खांडा, म्हणजे तलवार, पाठवायची रीत होती. माय तलवारीशीच फेरे घेऊन आलेली. मग क्षवर्गाच्या जागी 'य' धरला तर काय बिघडलं? गणित एकदम दुसऱ्या घातावर आलं.

माझी वही बघून मास्तरांचे डोळे बारीक झाले. "हे मी शिकवलेलं नाही. फळ्यावर कर."

केलं. य वजा चार, य वजा नऊ. आणि खडू ठेवला. तिथेच माती खाल्ली.

"बघा, चोरलेलं इथवरच होतं," मास्तर म्हणाले. "वडिलांना भेटतो."

पण नवरी सासरी पोचली की तलवार खुंटीला जाते, संसार नवऱ्याशीच करायचा असतो. मी 'य' पुसून क्षवर्ग परत बसवला. क्ष वजा दोन, क्ष अधिक दोन, क्ष वजा तीन, क्ष अधिक तीन.

"कोणी शिकवलं?"

"मायनं."

"ती शिकलेली आहे?"

"नाही."

झालं, आगीत तेल. संध्याकाळी स्वारी आमच्या ओट्यावर हजर. सगळं ऐकून माय दाराआडून म्हणाली, "हाई खरं शे, गुरुजी. मन्हं लगीन तलवारसंगेच लागनं."

आबा मात्र तापले. "तक्रार आहे ना? उद्यापासून ही येणार नाही."

मास्तरांनी टोपी सारखी केली. "संशय आहे, अजूनही आहे. पण घरी बसवलीत तर तो फिटणार कसा? मॅट्रिकला बसवा. तिथे परके लोक पहारा देतात. नापास झाली तर मी खरा."

"आणि पास झाली तर?"

"तर पुढच्या परीक्षेपर्यंत संशय ठेवीन."

मी बी.ए. होईपर्यंत त्या माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला नाही. देव त्याचं भलं करो.